जाणारी तार, येणारी तार

“मग सुई किती हलेल?”

“अकरा पूर्णांक आठ गॅमा.” वामन सबनीसनं कागद पुढं सरकवले. “बारा धरा.”

“आणि चालेल किती?”

“अर्धा.”

एलिजा मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. कागद जवळ ओढून ते पाहू लागले.

कागद नऊ होते. दोन्ही बाजूंनी भरलेले, खाडाखोड नसलेले.

देवसाळच्या खाडीवर, टेकडीला टेकून, एक चुंबकीय वेधशाळा होती. पृथ्वीचं चुंबकत्व क्षणोक्षणी किती बदलतं, ते तिथं टांगलेल्या एका सुईवरून टिपलं जाई. ते मोजायचं माप म्हणजे गॅमा. पृथ्वीचं सगळं मिळून चाळीसेक हजार गॅमा भरे, आणि त्यातला अर्ध्या गॅमाचा फरकसुद्धा ती सुई दाखवी.

म्हणून त्या इमारतीत लोखंडाचा खिळासुद्धा नव्हता. कड्या पितळेच्या, बिजागऱ्या तांब्याच्या. येणाऱ्यानं किल्ल्या, चाकू, बक्कलाचा पट्टा फाटकाबाहेरच्या कातळावर काढून ठेवायचा आणि मग आत पाऊल टाकायचं.

एलिजा बिन्यामिन पेणकर तिथले प्रमुख निरीक्षक. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घराण्यातले. आजोबांचा तेलाचा घाणा होता. स्वतः मॅट्रिकपर्यंत शिकले आणि नकलनवीस म्हणून वेधशाळेत लागले, त्याला तेहेतीस वर्षं झाली होती. पुढं जिथं-तिथं नावाजलेले कितीतरी निरीक्षक त्यांच्या हाताखालून गेले, म्हणून ते सगळ्यांचे मास्तर.

वामन त्यांच्याकडं शिकायला आला होता. एम. एस्सी.ला विद्यापीठात पहिला. दोन वर्षं झाली, तरी आपण इथं नक्की काय शिकतोय हे त्याला उमगलं नव्हतं. मास्तर त्याला पहाटे उठवत, सुईचं वाचन घ्यायला लावत, आणि वहीत लिहिलेला आकडा न बघताच म्हणत, “पुन्हा घे.”

हे गणित मात्र त्याचं स्वतःचं होतं.

दुसरी मोठी लढाई संपून चार वर्षं झाली होती. वीज खात्यानं खाडीच्या तोंडावरच्या कोळीवाड्यापर्यंत लाईन न्यायचं ठरवलं होतं. घरोघर एकेक दिवा, आणि धक्क्याच्या टोकाला एक मोठा. तांब्याची टंचाई होती, म्हणून तार एकच टाकायची. डायनामोतून निघालेला प्रवाह तारेनं जाणार आणि जमिनीतून परत येणार. ही लाईन वेधशाळेपासून साडेसहाशे फुटांवरून जात होती. तेव्हा खात्यानं रीतसर पत्र लिहून विचारलं होतं, एका तारेची ही लाईन वेधशाळेला चालेल काय?

“तारेतून प्रवाह गेला की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्राची वर्तुळं उभी राहतात,” वामन सांगू लागला. “जवळ दाट, लांब विरळ. तार सरळ असती तर सोपं होतं. पण हिला तीन वळणं आहेत. म्हणून मी तिचे बारीक बारीक तुकडे कल्पिले. प्रत्येक तुकड्यानं सुईवर किती जोर पडतो ते काढलं, आणि सगळ्यांची बेरीज केली.”

“बेरीज बरोबर आहे?”

“तीनदा केलीय.”

“हं.”

“अर्ध्या गॅमाच्या आत यायचं तर लाईन तीन मैल लांबून जायला हवी. टेकडी आणि खाडी यांच्यात जागा आहे अर्धा मैल. म्हणजे...”

“म्हणजे?”

“नाही.”

मास्तरांनी नववं पान उलटून पाहिलं. खाली पत्राचा मसुदा जोडलेला होता. लाईनीस वेधशाळेची हरकत आहे. सहीची जागा मोकळी.

“याची एक प्रत मी नियतकालिकाला पाठवणार आहे,” वामन म्हणाला. “तीन वळणांच्या तारेचं गणित इतक्या तपशिलानं कुणी केलेलं माझ्या पाहण्यात नाही.”

मास्तरांनी कागद जुळवून त्यांच्यावर एक पितळी वजन ठेवलं.

सही केली नाही.

*

तिसऱ्या दिवशी दुपारी फाटकाशी एक बाई आली. चांगुणा. कोळीवाड्यात तिची स्वतःची होडी होती. नवरा आजारी म्हणून दीर ती चालवी. गेल्या आश्विनात दीर तिन्हीसांजेचा धुक्यात होडीसकट खाडीच्या तोंडावरच्या खडकावर आदळला. त्याच्याबरोबरचा एकजण पोहत आला. दीर आला नाही.

हे सगळं देवसाळात ज्याला त्याला ठाऊक होतं. वामनलाही होतं.

तिनं कमरेचा कोयता काढून कातळावर ठेवला. सांगावं लागलं नाही.

“मास्तर, तुमची सुई हालंल म्हनून आमाला दिवा नाय, असा ऐकला.”

मास्तर व्हरांड्यात बसले होते. त्यांनी वामनकडं पाहिलं.

वामन पुढं झाला. “बाई, तसं नाही. तारेतून वीज गेली की तिच्याभोवती...” त्यानं हवेत बोटानं गोल काढला. मोठा, मग त्याहून मोठा. “दिसत नाही, पण असतं. ते इथपर्यंत पोचतं.”

चांगुणानं त्याच्या बोटाकडं पाहिलं. मग टेकडीकडं. मग पुन्हा बोटाकडं.

“कवरी हाय सुई?”

“असेल... एवढी.” त्यानं करंगळी दाखवली.

“नि ती हालली, त कोन बुडंल?”

“इथं चाळीस वर्षांची नोंद आहे,” वामन म्हणाला. “एका दिवसाचाही खंड नाही. पृथ्वीच्या पोटात काय चाललंय, ते जगात थोड्याच ठिकाणी असं सलग टिपलं गेलंय. एकदा ती बिघडली की पुन्हा जोडता येत नाही.”

“जोडता नाय येत,” ती म्हणाली. “खरा हाय.”

ती रागावली नव्हती, आणि म्हणूनच वामनला तिच्याकडं बघवेना.

“चांगुणाबाय, धक्क्यावरचा दिवा किती वेळ लागायला हवा?” मास्तरांनी विचारलं.

“सांजंपास्नं समद्या होड्या येईस्तवर.”

“बरं.”

ती गेली. कोयता उचलून कमरेला खोचला आणि मागं न बघता उतार उतरली.

ती वळणाआड होईपर्यंत वामन थांबला. मग म्हणाला, “मास्तर, तिचं दुःख मला कळतं. पण दुःखानं आकडा बदलत नाही.”

“नाही बदलत.”

“मग आपण सही करा. नाहीतर चाळीस वर्षांची नोंद मातीत जाईल.”

“त्यातली तेहेतीस माझी आहेत,” मास्तर म्हणाले. “सुई हलू देणार नाही मी.”

वामनला हायसं वाटलं. त्यानं लगबगीनं दौत-टाक आणून ठेवले.

मास्तर उठून आत गेले. परत आले ते हातात लाकडी खोका घेऊन. खोक्यात एक बॅटरी, सूत गुंडाळलेल्या तांब्याच्या तारेचं वेटोळं, विजेरीतला एक छोटा दिवा आणि मुठीत मावेल एवढं होकायंत्र होतं. शाळेची मुलं वेधशाळा बघायला येत, तेव्हा त्यांना दाखवायचं सामान.

“जोड,” ते म्हणाले.

वामनला हसू आलं, पण त्यानं दाबलं. तार बॅटरीला जोडून टेबलावरच्या होकायंत्रावरून नेली, दुसऱ्या टोकाला दिवा लावला आणि तिथून टेबलाच्या पार पलीकडच्या कडेनं तार फिरवून बॅटरीशी परत आणली.

दिवा लागला. सुईनं झटक्यानं मान वळवली.

“आता सुई जागेवर आण.”

वामननं तार सोडवली. सुई परतली.

“दिवा विझला,” मास्तर म्हणाले.

“विझणारच.”

“दिवा ठेव. सुई आण.”

वामननं पुन्हा जोडणी केली आणि होकायंत्र हातभर लांब ठेवलं. सुई बरीचशी सरळ झाली.

“वेधशाळा उचलून कुठं नेशील?”

वामननं होकायंत्र होतं तिथं आणून ठेवलं. त्याचे कान तापले होते. “मास्तर, हा पोरखेळ झाला. प्रवाह आहे तर क्षेत्र आहे. क्षेत्र नको तर प्रवाह नको. तिसरी वाट नाही. हा निसर्गाचा नियम आहे, माझा नव्हे.”

“नियम तुझा नव्हे,” मास्तर म्हणाले. “बरोबर.”

त्यांनी हात लांब केला. टेबलाच्या पलीकडच्या कडेनं परत येणारी तार दोन बोटांत धरून उचलली आणि सावकाश अलीकडं आणून जाणाऱ्या तारेला लगटून ठेवली. मग वेणी घालावी तसे दोन्ही तारांना चार-पाच पीळ दिले.

सुई थरथरली... आणि उत्तरेला येऊन उभी राहिली.

दिवा लागलेलाच होता.

खाडीवरून वारा आला. नऊ कागदांचे कोपरे वजनाखाली फडफडले.

वामन सुईकडं बघत राहिला. यात नवं काय होतं? काहीच नाही. जाणाऱ्या प्रवाहाची वर्तुळं एका दिशेनं फिरतात, येणाऱ्याची उलट. दोन तारा जवळ असल्या की बाहेरच्याला दोघींचंही काही कळत नाही. हे त्यानं कॉलेजच्या दुसऱ्या वर्षीच सोडवलं होतं, आणि परीक्षेत पूर्ण गुण मिळवले होते.

“पण योजनेत तार एकच आहे,” तो म्हणाला. “परतीचा प्रवाह जमिनीतून.”

“योजना कुणी केली?”

“वीज खात्यानं.”

“त्यांनी तुला काय विचारलं?”

“एका तारेची लाईन चालेल का.”

“तू काय सांगितलंस?”

“नाही.”

“बरोबर सांगितलंस.”

मास्तरांनी दौत त्याच्याकडं सरकवली आणि दुपारचं वाचन घ्यायला निघून गेले.

वामन बसला. कोरा कागद घेतला. दोन तारा, मधलं अंतर दीड फूट, वळणं तीच तीन. तुकडे करायची गरजच पडली नाही. अर्ध्या पानात उत्तर आलं. ते इतकं लहान होतं की त्यानं दोनदा ताडून पाहिलं. एका गॅमाचे शंभर भाग केले तर त्यातले जेमतेम तीन. वेधशाळेच्या सुईला याचा पत्ताही लागला नसता.

मास्तर परतले तेव्हा तो तसाच बसून होता.

“झालं?”

“झालं. उत्तर जवळजवळ शून्य आहे.” त्यानं अर्धं पान उचललं. “मास्तर, हे कोण छापणार?”

“छापणार नाहीत,” मास्तर म्हणाले. “खांबावर चढवतील.”

*

चढवायला मात्र अकरा महिने लागले.

खात्यानं आधी कळवलं की दुसऱ्या तारेसाठी तांबं नाही. वामननं नऊ पानं आणि वरचं अर्धं पान अशी जोडून पाठवली. उत्तर आलं नाही. मग तो स्वतः जिल्ह्याला गेला. एकदा गेला, दुसऱ्यांदा गेला. तिसऱ्या खेपेला साहेबानं कागद चाळले आणि विचारलं, “हे अर्धं पान खरं कशावरून?”

“नऊ पानं खरी आहेत म्हणून,” वामन म्हणाला.

साहेबाला ते पटलं की तो कंटाळला, कुणास ठाऊक. तांबं मंजूर झालं.

मग खांबांचा प्रश्न निघाला. खात्याचे खांब लोखंडी होते, आणि वेधशाळेच्या आसपास लोखंड उभं करायचं नव्हतं. चांगुणानं कोळीवाड्यात बैठक बोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडीच्या पायथ्याशी जुन्या होड्यांच्या चौदा डोलकाठ्या येऊन पडल्या.

तार ओढायचं काम सुरू झालं तसा वामन रोज लाईनीबरोबर चालू लागला. दोन तारांत दीड फुटाहून जास्त अंतर पडू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. दहाव्या खांबापाशी एक जुनी चिंच आडवी आली. लाईनमननं एक तार झाडाच्या या अंगानं घेतली, दुसरी त्या अंगानं. सोपं होतं. वामन तेव्हा जेवायला बसला होता. डबा तसाच टाकून तो उठला.

“उतरवा.”

“साहेब, चाळीस फुटांनी काय होतंय? वीज तेवढीच जाईल.”

“वीज जाईल हो. पण या दोघी लांब गेल्या की दोघींचं सगळ्यांना ऐकू येईल.”

लाईनमन हसला. त्यानं सोबत्याला खूण केली, साहेबांचं डोकं उन्हानं फिरलंय. पण तार उतरवली. दोन्ही तारा एका अंगानं न्यायला संध्याकाळ झाली. चांगुणा टोपली घेऊन तिथूनच जात होती. तिनं थांबून वर पाहिलं.

“साहेब, ही जानारी कंची नि येनारी कंची?”

वामननं दाखवायला हात उचलला, आणि तो वरच राहिला. खालून दोन्ही सारख्याच दिसत होत्या.

“डायनामोपाशी जाऊन बघावं लागेल,” तो म्हणाला.

“र्‍हाऊंद्या,” ती म्हणाली. “दिवा लागल्याशी कारन.”

*

मार्गशीर्षातल्या एका सोमवारी, दिवेलागणीला, दिवा लागायचा होता.

कोळीवाड्यातून वामनला बोलावणं आलं. धक्क्यावर नारळ फोडायचा होता, आणि तो त्यानंच फोडावा असं चांगुणाचं म्हणणं होतं.

“मला येता यायचं नाही,” त्यानं निरोप्याला सांगितलं. “त्या वेळी मी सुईपाशी हवा.”

खरंच तो तिथंच होता. सूर्य कलल्यापासून वेधगृहात सुई वाचायच्या दुर्बिणीला डोळा लावून बसला. दर मिनिटाला वाचन घेतलं, आणि प्रत्येक वाचन मास्तरांचा शब्द आठवून पुन्हा घेतलं. बाहेरून एकदा ताशाचा आवाज आल्यासारखा वाटला. सुई निवांत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी यंत्रावरचा आलेखाचा फोटो-कागद धुऊन वाळला. सुईच्या दिवसभराच्या हालचालीची त्यावर एक बारीक काळी रेघ उमटलेली असे. वामननं कागद टेबलावर पसरला, धक्क्याकडचं दार लोटलं आणि भिंग घेतलं.

रेघ सोमवारच्या सकाळी थोडी वर चढली होती, दुपारी खाली उतरली होती. रोज उतरते तशी. संध्याकाळी सहापासून पुढं मोजपट्टीनं आखावी तशी सपाट.

त्यानं भिंग बदललं. रविवारचा कागद काढून शेजारी ठेवला. शनिवारचा काढला. रेघेवर रेघ ठेवून उजेडाकडं धरली.

मास्तर कोपऱ्यात वह्यांना शिवण घालत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

तास गेला. दुसरा गेला. दिवेलागण झाली, तसा वामननं पितळी कंदील जवळ ओढला.

“मास्तर.”

“हं.”

“मी अकरा महिने या क्षणासाठी खपलो. आणि तो कागदावर नाही.”

मास्तरांनी दोरा दातानं तोडला.

“केसभर उंचवटा असता तरी मी म्हटलं असतं, इथं बटण दाबलं. एवढी एक खूण. गणिताप्रमाणे ती असायलाच नको होती, आणि तशी ती नाहीही. मग आनंद व्हायला हवा ना?”

“होत नाही,” वामन म्हणाला. “माझं सगळं बरोबर निघालं, आणि दाखवायला काही उरलं नाही. उद्या कुणी ही नोंद उघडली तर त्याला वाटेल, त्या दिवशी देवसाळला काहीच झालं नाही.”

मास्तरांनी वही मिटली. सुई टाचणीच्या उशीत खोचली. तीही पितळेची होती.

“त्याला असंच वाटावं म्हणून तर तू चिंचेपाशी जेवणावरून उठलास,” ते म्हणाले.

वामननं भिंग खाली ठेवलं. कागदावरच्या सपाट रेघेवरून बोट फिरवलं. सहा वाजले, सव्वासहा, साडेसहा. बोटाला काही लागलं नाही.

“पण मास्तर, काहीच खूण नसेल तर दिवा लागला, हे कळायचं कसं?”

“दार उघड,” मास्तर म्हणाले.